शिफ्ट, लोकल आणि स्वयंपाकघर : धावपळीतल्या ख्रिस्ती माणसाने मौनाला वेळ कसा काढावा?

प्रायश्चित्तकाळ जवळ आला, की पालघर-बोईसर पट्ट्यातल्या वाचकांकडून तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. रविवारी फादर किंवा पाळक सांगतात, रोज थोडा वेळ देवाजवळ शांत बसा. ऐकताना पटतं. सोमवारी पहाटे कंपनीची बस गाठायची असते, नाहीतर डहाणू लोकल, नाहीतर तीन डबे भरायचे असतात आणि रविवारचं बोलणं तिथेच राहतं.

प्रश्न साधारण तीन प्रकारचे असतात. वेळ कुठून काढायचा? मौन आपल्या धर्मात आहे, की हे दुसरीकडून घेतलेलं आहे? आणि बसलंच, तर झोप येते किंवा डोक्यात विचारांचा कल्लोळ होतो, त्याचं काय करायचं? या लेखात या तिन्ही प्रश्नांची कामापुरती उत्तरं आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. माझ्या मते मौनाचा प्रश्न घड्याळाचा कमी आणि घरातल्या कामवाटपाचा जास्त आहे. तुम्ही दहा मिनिटं शांत बसता तेव्हा त्या दहा मिनिटांत दूध, दार, फोन आणि मूल कोणीतरी दुसरं सांभाळत असतं. ते कोण सांभाळणार हे ठरवल्याशिवाय केलेला संकल्प आठवडाभरही टिकत नाही.

आधी ठरवा : बसायचं कशासाठी?

मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमची एक संध्याकाळ आहे. सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी लोटलं होतं आणि येशू उशिरापर्यंत आजाऱ्यांना बरं करत होता. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला (मार्क १:३५). शिष्य शोधत आले, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणाले, तेव्हा तो पुढच्या गावांकडे निघाला. लूक तर सांगतो की असं एकांतात जाणं ही त्याची सवयच होती (लूक ५:१६). तेव्हा मौन आपलं की परकं, या शंकेत अडकू नका. ते शुभवर्तमानातच आहे, आणि ते रिकामटेकड्या माणसाचं नाही.

मात्र हेतू स्वच्छ ठेवा. रक्तदाब उतरावा, डोकं हलकं व्हावं म्हणून बसण्यात वाईट काही नाही, पण ख्रिस्ती मौन त्यासाठी नसतं. ते प्रभूच्या सहवासात राहण्यासाठी आणि त्याचं ऐकण्यासाठी असतं. एखाद्या दिवशी मन शांत झालंच नाही, तरी तुम्ही बसलात एवढ्याने त्या दिवशीचं काम झालं.

दुसरी गोष्ट, तुम्हाला खरी गरज झोपेची असेल तर झोपा. एलिया जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला दोनदा उठवून खायला-प्यायला दिलं आणि मध्ये झोपू दिलं. होरेब डोंगरावरचा तो मंद स्वर त्याने ऐकला तो त्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर (१ राजे १९). थकलेल्या शरीरावर मौन लादू नका.

तुमचा दिवस कोणता?

शिफ्टमध्ये काम करत असाल तर. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, शेजारी एमआयडीसी वाढली आणि या पट्ट्याला पाळ्यांची सवय लागली. ज्याचा आठवडा फर्स्ट, सेकंड, नाइट असा फिरतो, त्याला ‘रोज पहाटे पाचला बसा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. म्हणून वेळ घड्याळाला न बांधता एखाद्या ठरलेल्या कृतीला बांधा.

- फर्स्ट शिफ्ट : घरी येऊन आंघोळ झाली, की चहाच्या आधी.
- सेकंड शिफ्ट : सकाळची कामं आटोपून, डबा भरायच्या आधी.
- नाइट : घरी येताच बसू नका, डुलकी लागेल आणि आपल्याला जमत नाही असं वाटेल. आधी झोपा. दुपारी उठल्यावर तोंड धुऊन बसा.

बारा-बारा तासांची ड्यूटी असेल, तर कामाच्या दिवशी पाच मिनिटं आणि सुट्टीच्या दिवशी वीस, एवढंच ठरवा. आणि यंत्रापुढे, पॅनेलवर, क्रेनखाली किंवा गाडी चालवताना डोळे मिटून प्रार्थना करू नका, मन आत वळवू नका. तिथे समोरच्या कामाकडे पूर्ण लक्ष देणं हेच देवाला हवं आहे. तुमच्या लक्षावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो.

लोकलने जात असाल तर. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागल्या, तरी विरारच्या पुढे गाड्या कमीच, आणि एक चुकली की फलाटावर बराच वेळ जातो. हा वेळ तुमच्या हातात आहे. फलाटावरची पहिली दहा मिनिटं फोन खिशात ठेवा. गर्दी असेल, आवाज असेल, असू द्या.

परतीच्या प्रवासासाठी एक उपाय सुचवतो. संत इग्नाती लोयोला यांनी दिवसाच्या शेवटी करायचं आत्मपरीक्षण शिकवलं, त्याचे टप्पे पाच. विरार आणि बोईसर यांच्यामधली स्थानकंही पाच. टप्पे स्थानकांना वाटून द्या :

1. वैतरणा : आजच्या दिवसातल्या एका गोष्टीसाठी आभार माना. नेमकी गोष्ट घ्या. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हणून सुटका करून घेऊ नका. कोणी डबा वाटून घेतला असेल, कोणी उभं राहून जागा दिली असेल, तेच आठवा.
2. सफाळे : पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा. आजचा दिवस माझ्या सोयीने नको, तुझ्या नजरेने दाखव, एवढंच म्हणा.
3. केळवे रोड : सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या. कुठे बरं वाटलं, कुठे चिडचिड झाली, कोणाशी तुटक बोललात.
4. पालघर : जिथे चुकलं तिथे क्षमा मागा. एखाद्याला फोन करून ‘माफ कर’ म्हणायचं असेल, तर ते इथेच ठरवा. उतरणाऱ्यांची झुंबड उडते, पण एवढं ठरवायला क्षण पुरतो.
5. उमरोळी : उद्याचं एक काम देवाच्या हाती सोपवा. मग बोईसर येईलच.

पालघरला उतरणाऱ्यांनी विरारच्या आधीपासून सुरुवात करावी. उभं राहून, एका हाताने कडी धरूनही हे होतं. डब्यात भजन चालू असेल किंवा पत्ते रंगले असतील, तर त्यांना गप्प करायला जाऊ नका. त्यांचा प्रवास तेवढाच लांबचा आहे.

घर सांभाळत असाल तर. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. त्यांनी वर्षानुवर्षं मठाच्या स्वयंपाकघरात राबताना देवाच्या सान्निध्यात राहायचा सराव केला. गृहिणींना त्यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं आणि ते खरंच मोलाचं आहे. भाजी निवडताना मोबाईलवरचा व्हिडिओ बंद ठेवा, भांडी घासताना एखादं छोटं नामस्मरण मनात चालू ठेवा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत नुसत्या उभ्या राहा.

पण एक गोष्ट मला मनापासून खटकते. ‘तुम्ही काय, काम करता करता प्रार्थना करा’ असं सांगून घरातल्या बाईचा बसण्याचा वेळ आपण परस्पर काढून घेतो. ब्रदर लॉरेन्स यांना स्वयंपाकघराबाहेर मठाचे प्रार्थनेचे ठरलेले तासही होते, हे आपण सोयीने विसरतो. बायको नोकरी करून घर चालवते, नवरा शनिवारी रिट्रीटला जातो आणि त्याच्या बॅगेत घडी घातलेले कपडेही तीच भरते. हे मौन दुसऱ्याच्या घामावर उभं आहे. पुरुष वाचकांना माझी विनंती आहे, स्वतःचं मौन सुरू करण्याआधी आठवड्यातला एक तास घरातल्या स्त्रीला द्या. त्या तासात मुलं तुमची, गॅस तुमचा, दारावरची बेल तुमची. ‘ते कुठे ठेवलंय?’ असं विचारायला आत जायचं नाही.

एकटे राहत असाल तर. मुलं परदेशात किंवा मुंबईत, आणि आईवडील गावच्या घरात, अशी घरं आता कमी नाहीत. तुम्हाला कोणी ‘एकांत साधा’ म्हटलं तर ते मनावर घेऊ नका. तुमच्याकडे एकटेपणा पुरेसा आहे, आधी सोबत शोधा. आठवड्याची मिस्सा, शेजारची रोजरी, कोणाच्या घरी बसून घेतलेला चहा. माणसांत थोडं मिसळल्यावर तीच शांत दुपार प्रार्थनेसाठी उपयोगी पडू लागेल.

खोलीत चार-पाच जण राहत असाल तर. तलासरी, डहाणू, जव्हारच्या पाड्यांवरून किंवा दूरच्या राज्यांतून येऊन बोईसरला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना कोपरासुद्धा स्वतःचा नसतो. तुमच्यासाठी चर्च हीच खोली समजा. शक्य असेल तर गच्चीचा जिना. तेही नसेल तर कामावर जाताना शेवटचं अंतर रिक्षा सोडून एकट्याने चाला.

पहिली दहा मिनिटं : नेमकं काय करायचं

1. आदल्या रात्री उतारा निवडून ठेवा. शुभवर्तमानातल्या पाच-दहा ओळी पुरेत. बायबल कुठेही उघडून बोट ठेवायची पद्धत टाळा, त्यातून गोंधळच वाढतो. कॅथलिक असाल तर त्या दिवशीच्या मिस्सेचं शुभवर्तमान घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या किंवा बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र, भाषांतर कोणतं यावर पहिले आठ दिवस घालवू नका.
2. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सायलेंटवर टाकून शेजारी ठेवलेला फोन मन ओढत राहतो. वेळेसाठी साधं घड्याळ वापरा. इमर्जन्सी ड्यूटी असेल किंवा घरात आजारी माणूस असेल, तर फक्त त्या नंबरांची घंटी चालू ठेवा.
3. पाठ ताठ ठेवून बसा. खुर्चीवर, जमिनीवर, कसंही. पाय जमिनीला टेकलेले असू द्या. दोन-तीन श्वास सावकाश घ्या आणि ‘प्रभू, मी इथे आहे’ असं आपल्याच शब्दांत सांगा.
4. उतारा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा अगदी हळू. एखाद्या शब्दाशी मन थांबलं, तर पुढे जाऊ नका.
5. पुस्तक मिटा आणि गप्प बसा. चार-पाच मिनिटं. मन पळालं की तोच शब्द किंवा येशूचं नाव मनात घेऊन परत या. शंभर वेळा पळालं तर शंभर वेळा. सुपरवायझरचं बोलणं आठवेल, कर्जाचा हप्ता आठवेल, मुलाची फी आठवेल. प्रत्येक गोष्ट एका वाक्यात प्रभूला सांगा आणि सोडा.
6. प्रभूची प्रार्थना म्हणून उठा. वहीत एक ओळ लिहा. सुंदर लिहायची गरज नाही. ‘आज झोप आली’ हीसुद्धा नोंदच आहे.

पहिल्या आठवड्यासाठी हे सात उतारे घ्या : मार्क १:३५-३९, मार्क ६:३०-३४, लूक १०:३८-४२, मार्क ४:३५-४१, मार्क १०:४६-५२, लूक १९:१-१० आणि योहान २१:१-१४. शेवटचा उतारा नाइट करणाऱ्यांनी आणि सातपाटी-दांडीच्या मच्छीमार घरांनी मुद्दाम वाचावा. रात्रभर जाळं टाकूनही काहीच न मिळालेल्या शिष्यांसाठी येशूने किनाऱ्यावर विस्तव पेटवून न्याहारी तयार ठेवली आहे. तो आधी हिशेब विचारत नाही, खायला बोलावतो.

तीन आठवडे दहा मिनिटांवरच थांबा. मग पंधरा, मग वीस. त्यापुढे वाढवायचं असेल तर अनुभवी मार्गदर्शकाला विचारून.

बसल्यावर येणाऱ्या अडचणी

झोप रोज येत असेल तर ती साधनेची अडचण नाही, तुम्हाला झोप कमी पडते आहे. वेळ बदला.

आवाज हा या भागाचा कायमचा सोबती आहे. कारखान्याचा भोंगा, मालगाडी, शेजारचा टीव्ही, पाण्याच्या टँकरचा हॉर्न. पूर्ण शांतता मिळेपर्यंत थांबलात तर बसणं व्हायचंच नाही. आवाज कानावर येऊ द्या, त्याच्या मागे जाऊ नका. मात्र कायदा माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, अपवाद मोजक्या दिवसांचा आणि तोही मध्यरात्रीपर्यंतच. दुसऱ्याच्या मंडपाविरुद्ध तक्रार करण्याआधी आपल्या लग्नातला डीजे आणि आपल्या सणाचे कर्णे रात्री दहाला बंद होतात का, हे पाहा. नाइटहून येऊन दुपारी झोपलेला शेजारीही आपला शेजारीच आहे.

कोरडेपणा येतोच. काही आठवडे गोड जातात आणि मग काहीच वाटेनासं होतं. इग्नातींचा सल्ला इथे सरळ आहे. अशा वेळी ठरलेली वेळ कमी करू नका, उलट थोडं जास्तच बसा. दहा मिनिटांची अकरा करा. त्या एका मिनिटाने मनाचा हट्ट मोडतो.

व्यत्यय येणारच. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून येशू त्यांना घेऊन नावेने एकांतात निघाला, तर लोक किनाऱ्याने धावत त्यांच्या आधी पोचले. खुद्द प्रभूची सुट्टी अशी मोडली. तो त्यांच्यावर रागावला नाही, त्याला त्यांचा कळवळा आला. तुमचं मूल मध्येच उठलं तर त्याला मांडीवर घ्या. तीही प्रार्थनाच आहे. रोजच उठत असेल तर वेळ बदला किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला हाक मारा.

काळोख. हा मुद्दा कृपया टाळून पुढे जाऊ नका. गप्प बसल्यावर काहींच्या मनात दडपलेलं दुःख वर येतं. थोडे अश्रू आले तर घाबरू नका. पण रोज निराशा वाढत असेल, झोप उडाली असेल, आवाज ऐकू येत असतील किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मौन लगेच थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मानसोपचाराची औषधं चालू असतील तर कोणाच्याही सांगण्यावरून ती बंद करू नका. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही.

महिन्यातून अर्धा दिवस

रोजची सवय थोडी बसली, की महिन्यातून तीन-चार तास वेगळे काढा. सर्वांत सोपी जागा म्हणजे तुमचं चर्च, कामाच्या दिवशी दुपारी. ते कधी उघडं असतं हे विचारून घ्या. बंद असेल तर ‘आठवड्यातून एक दुपार उघडं ठेवाल का?’ असं धर्मग्रामात रीतसर विचारा. पवित्र साक्रामेंताच्या आराधनेचा तास असेल, तर त्यातला न बोलता, न गाता घालवायचा वेळ वाढवायची विनंती करा. आपल्याकडे आराधनाही शब्दांनी गच्च भरलेली असते.

बाहेर जायचं असेल तर केळव्याची सुरूची बाग किंवा चिंचणीचा किनारा आहे, पण शनिवार-रविवार सोडून. भरतीची वेळ पाहून जा, पाण्यात उतरू नका, घरी सांगून जा. काळदुर्ग किंवा तांदुळवाडीला एकट्याने जाण्याचा सल्ला मी देणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच. स्त्रियांनी दोघींनी मिळून जावं, पन्नास पावलांचं अंतर ठेवून बसावं आणि परतताना हवं तर बोलावं.

सोबत पाणी, बायबल, वही आणि साधा डबा घ्या. पहिला तास काही वाचू नका, नुसते चाला किंवा बसा. शीण उतरायला तेवढा वेळ लागतोच. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ‘आज मौनात आहे’ असं स्टेटस ठेवलं की उत्तरं पाहायचा मोह होतो.

रिट्रीट निवडताना

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. शांततेच्या ओढीने लोक नाव नोंदवतात आणि तिथे दिवसभर ध्वनिक्षेपकावर प्रवचन आणि टाळ्यांच्या गजरात गाणी असतात. किंवा उलट, गाण्यांच्या अपेक्षेने जातात आणि आठ दिवस कोणी बोलत नाही. दोन्हींत खोट काही नाही, पण वस्तू वेगवेगळ्या आहेत.

- वचन-रिट्रीट : कल्याणच्या ताबोर आश्रमासारख्या ठिकाणी प्रवचन, गायन आणि सामूहिक प्रार्थनेवर भर असतो. विश्वासाला उभारी हवी असेल तर चांगलं, मौन हवं असेल तर तुमच्यासाठी नाही.
- मार्गदर्शित मौन-रिट्रीट : येशूसंघीयांच्या परंपरेत इग्नातींची ‘आध्यात्मिक साधना’ पूर्ण स्वरूपात सुमारे तीस दिवसांची आणि आटोपशीर स्वरूपात आठ दिवसांची असते. मार्गदर्शकाशी रोजची थोडी भेट सोडली तर बोलणं नसतं. फादर अँथनी डिमेलो यांनी सुरू केलेली साधना संस्था लोणावळ्याला आहे.
- घरी राहून साधना : नोकरदारांनी हिची चौकशी आवर्जून करावी. इग्नातींनी ‘आध्यात्मिक साधना’ या आपल्या पुस्तिकेच्या एकोणिसाव्या टिपणीतच कामात गुंतलेल्या माणसासाठी रोज दीड तासाची तरतूद केली आहे. ही पुस्तिका १५४८ मध्ये पोपनी मान्य केली. म्हणजे तुमची अडचण पावणेपाचशे वर्षांपूर्वीच ओळखली गेली होती. अनेक महिने चालणारी ही वाट आहे. मार्गदर्शक मिळाल्याशिवाय सुरू करू नका.

पालघर जिल्हा वसई धर्मप्रांतात येतो, त्यामुळे कॅथलिक वाचकांनी पहिली चौकशी आपल्या धर्मग्रामात आणि मग वसईला करावी. प्रॉटेस्टंट वाचकांनीही मौन ‘कॅथलिकांचं’ म्हणून सोडू नये. रेव्हरंड टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला, आणि त्यांच्या विचारांचा ठसा घेतलेल्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापून १९२७ मध्ये पुण्यात आश्रम सुरू केला. मराठी प्रॉटेस्टंट घरांना हा वारसा हक्काचा आहे.

नाव नोंदवण्याआधी हे विचारा : मौन किती तास असतं? भाषा मराठी की इंग्रजी? वैयक्तिक मार्गदर्शन मिळतं का? खर्च किती, कमी पैसे असतील तर सवलत आहे का? औषधं, पथ्य, जिना चढता न येणं यांची सोय आहे का? घरच्यांचा तातडीचा निरोप कोणत्या नंबरवर येईल?

विपश्यनेला गेलं तर चालेल का?

इगतपुरीचं धम्मगिरी जवळ असल्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. दहा दिवसांच्या शिबिरात प्रार्थना, माळ, जप, उपवास, पूजा असं सगळं काही पूर्ण थांबवायची अट असते आणि ती ते आधीच स्पष्ट सांगतात. म्हणजे दहा दिवस रोजरी नाही, बायबल नाही, मिस्सा नाही. हे माहीत असताना जायचं की नाही ते ठरवा. १९८९ मध्ये व्हॅटिकनने ख्रिस्ती ध्यानाविषयी काढलेल्या पत्राने इतर धर्मांच्या पद्धती सरसकट नाकारल्या नाहीत, पण ध्यानाच्या केंद्रस्थानी ख्रिस्ताशी असलेलं नातं राहिलं पाहिजे हे बजावलं. माझं मत विचाराल, तर आधी आपल्या परंपरेतलं आठ दिवसांचं मौन अनुभवा, मग ठरवा. आणि जे जाऊन आले आहेत त्यांना घरात किंवा चर्चमध्ये कोणी दोषी ठरवू नये.

तुमचे हक्क

- कारखान्यात सलग ठरावीक तासांपेक्षा जास्त काम होऊ नये, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी आणि आठवड्याची सुट्टी मिळावी, ही कायद्यातली सर्वसाधारण तरतूद आहे. ठरावीक दिवस भरले, की दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस भरपगारी रजाही मिळते. कंत्राटी कामगारालाही हे लागू आहे. रिट्रीटसाठी रजा हवी असेल तर लेखी आणि वेळेवर मागा. कारण खोटं देऊ नका.
- प्रायश्चित्त संस्कारात सांगितलेलं धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही. मार्गदर्शकाशी केलेलं बोलणं हा संस्कार नसतो, तरी तेही गुप्त राहिलंच पाहिजे. पहिल्या भेटीतच हे विचारून घ्या.
- कोणत्याही प्रार्थनागटात चारचौघांत पाप कबूल करण्याची, पैसे देण्याची, नवस बोलण्याची किंवा उपाशी राहण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही.
- मार्गदर्शन दार उघडं किंवा काचेचं असलेल्या, दिसेल अशा जागी व्हावं. अवघडल्यासारखं वाटलं तर कारण न देता उठून जा. मार्गदर्शक बदलून मागणं हा अपमान नाही.
- रिट्रीट मध्येच सोडून घरी येण्याची तुम्हाला मोकळीक आहे.

शेवटी एक विनंती. या रविवारी चर्चहून आल्यावर स्वतःची वेळ ठरवण्याआधी घरातल्या एका माणसाला विचारा, ‘या आठवड्यात तुला शांत बसायला कधी आवडेल, आणि त्या वेळी तुझं कोणतं काम मी करू?’ उत्तर मिळालं, की ते कॅलेंडरवर लिहून टाका.